क्रुगरमध्ये पहिल्यांदाच पक्षी बघायला जाताय? मग गाडी जरा कमी पळवा

आफ्रिकेची सफारी ठरली की घरचे, शेजारचे, व्हॉट्सॲप ग्रुपवाले सगळे एकच विचारतात, सिंह दिसेल ना? दिसेल हो, बहुतेक दिसेल. पण हे लिहितेय ते ज्यांना पक्षी बघायचेत त्यांच्यासाठी, आणि त्यातही जे पहिल्यांदाच जातायत, म्हणजे इकडे सिंहगड व्हॅली, भिगवण, उरण असं थोडंफार फिरणं झालंय किंवा तेही नाही, नुसती हौस आहे.

जागा एकच धरलीय, साउथ आफ्रिकेचं क्रुगर नॅशनल पार्क. कारण साधं आहे, तिथे भाड्याची गाडी घेऊन आपण स्वतः फिरू शकतो. पॅकेज सफारीच्या जीपमध्ये आणखी पाच-सहा जण असतात, त्यांना चित्ता बघायचा असतो, आणि तुम्ही 'एक मिनिट थांबा, त्या काटेरी झाडावर काहीतरी बसलंय' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. स्वतःच्या गाडीत हा त्रास नाही. घरच्यांचा असू शकतो, पण त्यांना आधीच कल्पना द्या.

क्रुगर केवढं आहे ते आधी लक्षात घ्या. उत्तर-दक्षिण साधारण ३६० किमी लांब, क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किमीच्या आसपास. आपलं ताडोबा-अंधारी बफर धरून सतराशे चौरस किमी होतं, म्हणजे अकरा ताडोबा. पाचशेच्या वर प्रजातींची नोंद आहे. आता हे ऐकून नवखा माणूस काय करतो, तर रोज दोन-अडीचशे किमी गाडी हाणायचा प्लॅन करतो. तेच करायचं नाही. तिथे पक्षी सगळ्यात जास्त दिसतात ते राहायच्या, कुंपण घातलेल्या कँपात पायी फिरताना आणि पाण्याच्या कडेला इंजिन बंद करून बसल्यावर. पुढचं सगळं प्लॅनिंग ह्याच हिशोबाने सांगितलंय.

पहिलं काम: महिना ठरवा

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. दोन्हीत क्रुगर एकदम वेगवेगळं असतं.

मे म्हणजे तिथे हिवाळ्याची सुरुवात. गवत सुकत जातं, झाडांची पानं विरळ होत जातात, पाणवठे कमी उरतात त्यामुळे प्राणी आणि पक्षी दोघंही मोजक्या पाण्यावर जमतात, हवा दिवसा छान आणि पहाटे चांगलीच थंड. बाहेरून येणारे पाहुणे पक्षी मात्र गेलेले असतात. जे कायमचे रहिवासी आहेत, गरुड, गिधाडं, धनेश, घुबडं, ते ह्या काळात दिसायला सोपे. ज्यांना प्राणी आणि पक्षी दोन्ही हवेत, सोबत लहान मुलं आहेत, त्यांनी मे-जून-जुलै धरावा.

दिवाळीच्या सुमाराला पहिला पाऊस पडायला लागतो आणि पाहुणे यायला सुरुवात होते. कोकीळ मंडळी ओरडायला लागतात, वेडे राघू येतात, आणि नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास वुडलँड किंगफिशर येतो, निळा खंड्या, त्याची ती ट्रर्रर्र करत उतरत जाणारी शीळ एकदा सुरू झाली की दिवसभर कानात बसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा नुसत्या पक्ष्यांसाठी सगळ्यात श्रीमंत काळ, सुगरणी आणि लांब शेपटीचे व्हायडा नटलेले असतात, युरोपातून आलेले नीलपंख तारा-झाडांवर बसलेले असतात. पण ऊन चाळीसपर्यंत जातं, गवत उंच, मलेरियाचा धोका जास्त, आणि जोरदार पाऊस झाला तर कच्चे रस्ते आणि नदीवरचे ठेंगणे पूल बंद होतात. मधल्या डिसेंबरपासून मधल्या जानेवारीपर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा कँप भरलेले असतात, ते दिवस टाळलेले बरे.

माझं मत विचाराल तर नुसते पक्षी हवेत आणि सुट्टी तुमच्या हातात आहे तर नोव्हेंबरचा शेवट.

दुसरं: कुठे राहायचं

बुकिंग साउथ आफ्रिकन नॅशनल पार्क्सच्या वेबसाइटवरून होतं, त्यांना सगळे सॅनपार्क्स म्हणतात. बरेच महिने आधी करा, चांगले कँप पटकन जातात. राहण्याच्या भाड्याशिवाय माणशी रोजची कॉन्झर्वेशन फी असते आणि परदेशी माणसाला ती बरीच जास्त पडते, त्यामुळे जास्त दिवस राहणार असाल तर त्यांचं वर्षभराचं वाइल्ड कार्ड स्वस्त पडतं का ह्याचा हिशोब मांडून बघा.

पहिल्या ट्रिपला सहा-सात रात्री असतील तर मी अशा वाटेन: तीन रात्री साबी नदीकाठी, म्हणजे स्कुकुझा किंवा लोअर साबी, दोन रात्री सतारा, आणि उरलेल्या लेटाबा किंवा ओलिफंट्स. अगदी उत्तरेला पुंडा मारिया आणि पफुरी आहे, पक्षी बघणाऱ्यांची ती पंढरी, पण दक्षिणेतून तिथे पोचायला कँप बदलत बदलत जावं लागतं, एका दिवसात ओढून नेऊ नका. दहा-बारा दिवस असतील तरच उत्तर जोडा. सात दिवसांत अख्खं क्रुगर 'करणारे' लोक भेटतात, त्यांना डांबरी रस्ता छान पाठ झालेला असतो.

जोहान्सबर्गहून दक्षिणेकडची गेटं साधारण चारशे-साडेचारशे किमी, रस्ता चांगला, पाच-सहा तास लागतात. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे त्याचं टेन्शन नाही. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. गाडी घेताना एकच बघा, जरा उंच बसायला मिळेल अशी घ्या, फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही पण छोट्या बुटक्या गाडीतून उंच गवतापलीकडचं काही दिसत नाही.

व्हिसा लागतो, तो वेळेत काढा. आणि विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल तर यलो फीव्हरच्या लशीच्या सर्टिफिकेटचे नियम तिकीट काढायच्या आधी वाचा, जातानाही आणि भारतात परत येतानाही. ती लस ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

तिसरं: काय काय न्यायचं

दुर्बीण ८×४२ ची घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ वाल्यांना मोठं दिसतं खरं, पण हातही तेवढाच हलताना दिसतो आणि नवख्याला पक्षी शोधायलाच वेळ लागतो. प्रत्येकाला स्वतंत्र दुर्बीण हवी, हे मी अगदी आग्रहाने सांगेन, एकच दुर्बीण दोघांत असली की पक्षी उडून जाईपर्यंत ती हातातून हातात फिरते आणि मग गाडीत शांतता पसरते.

कॅमेरा असेल तर ४०० किंवा ६०० एमएमपर्यंत जाणारी झूम पुरे. ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी जाड कापडाची रिकामी पिशवी चेन लावून शिवून घ्या, तिकडच्या सुपरमार्केटमधून दोन किलो तांदूळ किंवा राजमा घेऊन त्यात भरा आणि ती खिडकीच्या काचेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. परत येताना तांदळाची खिचडी करून मोकळं व्हा.

पुस्तक: 'साउदर्न आफ्रिका' असं लिहिलेलं कुठलंही चांगलं फील्ड गाइड, कँपांच्या दुकानांतही मिळतं. अख्ख्या आफ्रिकेचं घेऊ नका, त्यात दोन हजारांवर पक्षी असतात आणि तुम्ही कायम काँगोच्या जंगलातल्या पानावर जाऊन पोचता. फोनमध्ये मर्लिन ह्या पक्षी ओळखायच्या ॲपचं साउथ आफ्रिकेचं पॅक आणि पार्कचा नकाशा घरूनच डाउनलोड करा, कँपात नेटवर्क असतं, रस्त्यावर भरवसा नाही.

बाकी टोपी, सनस्क्रीन, मच्छर मलम, हेडलॅम्प, पहाटेसाठी जॅकेट. कपडे फिके-मातकट असले की झालं.

चौथं: घरी बसून तीस पक्षी पाठ करा

पाचशेच्या मागे लागू नका. रोज दिसणारे तीस शिकलात की बाकीचे आपोआप वेगळे पडतात. आणि एक चांगली बातमी, त्यातले बरेच तुमच्या ओळखीचे निघतात. कवड्या खंड्या तोच, कापशी घार तीच, शिक्रा तोच, शेकाट्या तोच, छोटा होला तोच. ज्यांचं कुळ ओळखीचं आहे असे तर खूप: धनेश, तांबट, कोतवाल, खाटीक, सातभाई, बुलबुल, भारद्वाज, टिटव्या, कमळपक्षी, शिंजीर. पुस्तक उघडून आधी ह्या कुळांची पानं बघा. जोहान्सबर्गला विमानतळाबाहेर पहिला पक्षी बहुतेक आपली साळुंकीच दिसेल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डर्बनमध्ये माणसांनी नेलेली सुटली आणि देशभर पसरली, तिकडचे पक्षीवाले तिच्यावर फार वैतागलेले असतात.

अगदी नवीन असे जे शिकायचे ते हे. लिलॅक ब्रेस्टेड रोलर, म्हणजे जांभळ्या छातीचा नीलपंख, शेपटीला दोन लांब टोकं, तो इतका समोर बसतो की पहिल्या दिवशी शंभर फोटो निघतात आणि तिसऱ्या दिवशी गाडी थांबतही नाही. पिवळ्या चोचीचा आणि लाल चोचीचा असे दोन छोटे धनेश. चकचकीत निळ्या मैना, त्यात बर्चेल्स स्टार्लिंग मोठी, लांब शेपटीची, डोळा काळा, आणि केप ग्लॉसी स्टार्लिंग छोटी, डोळा पिवळा-केशरी. गिनी फाउल, ठिपक्यांच्या कोंबड्यांचे कळप. ग्रे गो अवे बर्ड, राखाडी, तुरेवाला, 'ग्वेऽऽ' करून कुरकुरणारा. मॅगपाय श्राइक, काळा-पांढरा, लांब शेपटीचा खाटीक. आणि ऑक्सपेकर, जे जिराफ-म्हशींच्या अंगावर चढून गोचिड्या खातात. ऑक्सपेकर दोन आहेत: लाल चोचीचा सगळीकडे, त्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. पिवळ्या चोचीचा, म्हणजे चोच बुडाशी जाड पिवळी आणि टोकाला लाल, हा साउथ आफ्रिकेतून नाहीसाच झाला होता, गुरांना गोचिड्यांसाठी ज्या विषारी औषधात बुडवायचे त्याचा मोठा हात त्यात होता, आणि १९७९ च्या सुमारास तो आपणहून क्रुगरमध्ये परत आला. म्हणून रानम्हशींचा कळप दिसला की नुसतं 'म्हशी आहेत' म्हणून पुढे जाऊ नका, एकेक पाठ तपासा.

तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, गेलात तर दोन खास ओळखीचे. एक चातक. तिथेही पावसाबरोबर येतो, दिसायला आपल्यासारखाच, पण त्यांची उपजात वेगळी. दुसरा अमूर ससाणा. हा उत्तर चीन-सैबेरियाकडून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपूरमध्ये लाखोंनी थांबतो, मग भारत आडवा ओलांडून, काही तर लोणावळ्यावरून, अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या दक्षिणेला पोचतो. नोव्हेंबरात लोणावळ्याला ज्यांनी बघितलाय त्यांना डिसेंबर-जानेवारीत तोच क्रुगरच्या माळावर दिसू शकतो.

पाचवं: दिवस कसा लावायचा

कँपचं गेट उघडायची वेळ महिन्यागणिक बदलते, नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे साडेचारला, हिवाळ्यात सहाला. संध्याकाळी बंद व्हायची वेळ साडेपाच ते साडेसहाच्या मधे. उशीर झाला तर दंड, तेव्हा परतीचा वेळ कायम डोक्यात ठेवा. वेगमर्यादा डांबरीवर ५०, कच्च्यावर ४०. पक्षी बघायचे तर प्रत्यक्षात वीस-पंचवीसच्या वर जाऊच नका, आणि दिवसाला ऐंशी-शंभर किमी म्हणजे भरपूर झालं.

गेट उघडताच बाहेर पडा. पहिल्या अर्ध्या तासात रातवे अजून रस्त्यावर बसलेले असतात, तितर आणि फ्रँकोलिन कडेला आलेले असतात. सूर्य वर आला की झाडाझुडपांतले छोटे पक्षी जागे होतात, साडेआठ-नऊपर्यंत हा त्यांचा वेळ. ह्या वेळात गिधाडं झाडांच्या शेंड्यांवर नुसती बसून असतात, लोकांना वाटतं शिकार झालीय, तसं काही नसतं, हवा तापायची वाट बघत असतात. नऊ-साडेनऊनंतर गरम हवा वर चढायला लागली की गिधाडं-गरुड आकाशात येतात, मग मान वर. अकरानंतर कँपात परत या किंवा एखाद्या हाइडमध्ये, म्हणजे पाण्याकाठी पक्षी बघायच्या आडोशात, बसा. दुपारी रस्त्यावर फिरून फक्त पेट्रोल जळतं. साडेतीननंतर परत पाण्याकडे.

आणि दुपारची झोप काढायच्या आधी तासभर कँपात पायी फिरा. कुंपण असतं, आत चालायला मोकळीक असते. मोठी झाडं, उंबर-वडाच्या जातीची, नदीकाठ, लोकांनी घातलेलं पाणी, सगळं पक्ष्यांच्या सोयीचं. स्कुकुझाला नदीकाठाने नुसतं चाललं तरी हिरवी कबुतरं, जांभळ्या तुऱ्याचा टुराको, शिंजीर, तांबट, हळदे दिसतात, उन्हाळ्यात आफ्रिकन स्वर्गीय नर्तकही. सुगरणींची वसाहत असेल तर खाली खुर्ची टाकून बसा, डिड्रिक कुक्कू नावाचा हिरवा-पांढरा कोकीळ त्यांच्या घरट्यात अंडी घालायला टपून असतो, आणि ती पळापळ बघण्यासारखी असते. जेवणाच्या टेबलावर धनेश आणि मैना येऊन बसतात, त्यांना काहीही घालू नका, माकडांना तर नाहीच. डबे, ब्रेड, फळं उघड्यावर ठेवू नका, फ्रीजचं दार नीट लावा, तिकडची माकडं महाबळेश्वरच्या माकडांना शिकवणी देतील.

रात्री कँपातूनच रेंजरबरोबर नाइट ड्राइव्ह बुक करता येते. घुबडं आणि रातव्यांसाठी एकदा तरी करा, पण गाइडला बसतानाच सांगा की आम्हाला पक्षी बघायचेत, नाहीतर तो टॉर्च फक्त सिंहासाठी फिरवतो.

सहावं: थांबायचं कसं

हे ऐकायला सोपं वाटतं पण इथेच सगळी मेख आहे. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद, गाणी बंद, काचा खाली, आणि दहा मिनिटं तसेच बसा. पहिली तीन मिनिटं काही होत नाही. मग कुठेतरी कोतवाल येतो. कोतवाल दिसला की जाऊच नका, कारण हिवाळ्यात विशेषतः वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून फिरतात, दिंडीसारखे, पुढे कोतवाल, मागे सुतार, टिट, वटवटे, फ्लायकॅचर, सगळे एकाच झाडावरून दुसऱ्यावर सरकत जातात आणि पाच मिनिटांत दहा-बारा जाती होऊन जातात. नंतर पुन्हा सामसूम.

दुसरी खूण, आरडाओरडा. बुलबुल, सातभाई, खारी एका झाडापाशी जमून ओरडतायत म्हणजे आत साप किंवा घुबड असतं. दुर्बिणीने खोडाला चिकटून बघत जा.

पक्षी दिसल्यावर लगेच पुस्तकात डोकं घालू नका, तो बसलाय तोवर त्याच्याकडे बघा, पुस्तक कुठे जात नाही. आकार आधी, म्हणजे चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच, मग शेपटी, मग बसण्याची पद्धत आणि जागा. रंग सगळ्यात शेवटी, कारण सकाळच्या उन्हात रंग फसवतात. दाट गवतात छोटे तपकिरी वटवटे असतात, सिस्टिकोला म्हणतात, ते पहिल्या ट्रिपला सरळ सोडून द्या. तिकडचे मुरलेले लोकसुद्धा आवाजावरून ओळखतात.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या काळात तो बिचारा आपलं घर सोडून भांडायला येतो.

सातवं: बसायच्या जागा

लेक पॅनिक, स्कुकुझाच्या जवळ. छोटा तलाव, लाकडी हाइड, इथे गाडीतून उतरून आत बसता येतं. कमळपक्षी पानांवरून चालतात, मॅलकाइट खंड्या एवढासा, निळा-केशरी, अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसतो, काळी पाणकोंबडी, हिरवा बगळा, जायंट किंगफिशर, वर फिश ईगल. सकाळी लवकर जागा मिळते, नऊनंतर मोठ्या लेन्सवाल्यांची गर्दी. शांत बसायचं, कुजबुजही कमी.

सनसेट डॅम, लोअर साबीच्या गेटबाहेर लगेच. उतरायचं नाही, गाडी पाण्याला लावून बसायचं. पाणघोडे, मगरी आणि त्यांच्यामध्ये पिवळ्या चोचीचे करकोचे, चमचे, पाणकावळे, कवड्या खंड्या. गेट जवळच असल्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत थांबता येतं. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा एच४-१ रस्ता साधारण पंचेचाळीस किमीचा, पक्ष्यांना अप्रतिम पण वर्दळ फार, कुठे बिबट्या दिसला की ट्रॅफिक जाम. सकाळी गेट उघडताच करा नाहीतर नको.

सताराच्या आसपास माळरान. एस१०० हा कच्चा रस्ता सिंहांसाठी प्रसिद्ध आहे, पण शिकारी पक्ष्यांसाठीही तेवढाच चांगला. कोरी बस्टर्ड, सेक्रेटरी बर्ड, शहामृग ह्याच भागात शोधा. उन्हाळ्यात क्वेलियाचे हजारोंचे थवे उठतात, जगात संख्येने सगळ्यात जास्त असलेला जंगली पक्षी म्हणतात तो हाच. जवळच स्वेनी हाइड आहे.

ओलिफंट्स आणि लेटाबा नद्यांवरच्या मोठ्या पुलांवर खुणा केलेल्या पट्ट्यात उतरायला परवानगी आहे, तेवढ्याच पट्ट्यात, बाहेर एक पाऊल नाही.

उत्तरेला गेलात तर पुंडा मारिया कँपातली फ्लायकॅचर ट्रेल, आणि पफुरीला लुवुवू नदीवरचा पूल व पिकनिकची जागा. इथे असे पक्षी मिळतात जे साउथ आफ्रिकेत बाकी फारसे कुठे मिळत नाहीत, बोहम्स स्पाइनटेल नावाची बिनशेपटीची वाटणारी पाकोळी त्यातलीच. थोडं पुढे क्रुक्स कॉर्नर, जिथे लुवुवू लिंपोपोला मिळते आणि साउथ आफ्रिका, झिंबाब्वे, मोझांबिक तिन्ही देश टेकतात.

आठवं: गरुड-गिधाडं, म्हणजे जिथे सगळे अडकतात

सुरुवात बॅटेलरपासून करा. काळा, तोंड-पाय लाल, शेपटी इतकी आखूड की नाहीच वाटते, आणि उडताना दोन्ही बाजूंना डोलतो. एकदा ओळखला की परत चुकत नाही, फक्त त्याचं पिल्लू सबंध तपकिरी असतं एवढं लक्षात ठेवा.

टॉनी ईगल वर्षभर, तोच आपल्याकडेही आहे. उन्हाळ्यात स्टेपी ईगल येतो आणि गोंधळ होतो. जवळून दिसला तर चोचीची पिवळी फट बघा, टॉनीची डोळ्याच्या मध्याखाली संपते, स्टेपीची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. लांबून दिसला तर 'तपकिरी गरुड' लिहा आणि पुढे चला, त्यात काही कमीपणा नाही.

मार्शल ईगल आणि ब्लॅक चेस्टेड स्नेक ईगल ह्यांची गल्लतही नेहमीची, दोघांचं डोकं-छाती गडद आणि पोट पांढरं. मार्शल खूप मोठा, पोटावर बारीक ठिपके, पाय पिसांनी झाकलेले, पंखाची खालची बाजू गडद. स्नेक ईगल लहान, पोट स्वच्छ, पाय उघडे, पंख खालून पांढरे.

शिकारीवर गिधाडं दिसली तर तासभर थांबायची तयारी ठेवा. झुंडीने येतात ती व्हाइट बॅक्ड. मागून एक-दोन प्रचंड, गुलाबी-लाल डोक्याची येतात ती लॅपेट फेस्ड, जाड कातडं फाडायची ताकद त्यांच्यात. आणि कडेला बारीक चोचीची हुडेड गिधाडं उरलंसुरलं उचलायला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅक ह्या गुरांना द्यायच्या वेदनाशामक औषधाने गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तिकडे कारण वेगळं, चोरटे शिकारी मेलेल्या जनावरावर मुद्दाम विष घालतात, कारण वर घिरट्या घालणारी गिधाडं बघून रेंजर जागेवर पोचतात. एका हत्तीवर शेकडो गिधाडं मेल्याच्या घटना आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झाल्यात.

बिग सिक्सचं काय

प्राण्यांचे बिग फाइव्ह तसे तिथे पक्ष्यांचे बिग सिक्स आहेत: कोरी बस्टर्ड, मार्शल ईगल, लॅपेट फेस्ड गिधाड, सॅडल बिल्ड करकोचा, ग्राउंड हॉर्नबिल आणि पेल्स फिशिंग आउल. पहिले पाच एका आठवड्यात जमण्यासारखे आहेत. कोरी बस्टर्ड आपल्या नान्नजच्या माळढोकाचा भाऊबंद, एकाच कुळातले, सताऱ्याकडे, हो सताराकडे, चालत असतो. सॅडल बिल्ड नदीच्या वाळूत, लाल-काळ्या चोचीवर पिवळं खोगीर, मादीचा डोळा पिवळा, नराचा काळा.

ग्राउंड हॉर्नबिल म्हणजे टर्कीएवढा काळा धनेश, चेहरा आणि गळा लाल, चार-पाचच्या टोळीने जमिनीवर चालत साप-सरडे-टोळ वेचत जातात. पहाटे त्यांचा घुमणारा आवाज येतो तो लांबून सिंहासारखा वाटतो. दोन अंडी घालतात पण दुसरं पिल्लू जगत नाही, म्हणून संख्या वाढायला फार वेळ लागतो. रस्त्यात टोळी भेटली की गाडी हळूहळू तिच्याबरोबर चालवत राहा, ती गाडीला फारशी घाबरत नाही.

सहावं, पेल्सचं घुबड, मासे खाणारं, मोठं, केशरी-तपकिरी, ते उत्तरेला लुवुवूकाठच्या दाट झाडीत. पहिल्या ट्रिपला त्याच्यामागे दोन दिवस घालवू नका.

नववं: जिवाला जपा

गाडीतून उतरणं फक्त कँप, पिकनिक साइट, हाइड आणि खुणा केलेले पूल इथेच. खिडकीतून अंग बाहेर काढणं, सनरूफमधून उभं राहणं, दोन्हीला मनाई आहे. पक्षी बघणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका हत्तीचा, कारण तुम्ही डाव्या खिडकीतून तांबट बघत असता आणि उजवीकडून कळप रस्त्यावर आलेला असतो. दर दोन मिनिटांनी आरशात बघायची सवय लावा, हत्ती जवळ असतील तर इंजिन चालू ठेवा, आणि मागे जायची वाट कधी अडकवू नका.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघायच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना विचारा. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेला गेलो होतो हे आधी सांगायचं.

खाण्याचं म्हणाल तर बऱ्याच झोपड्यांना स्वयंपाकाची सोय असते, बुकिंग करताना तसं बघून घ्या. गेटच्या बाहेरच्या गावात, एमबोंबेलाला वगैरे, डाळ-तांदूळ-भाजी सगळं मिळतं आणि कँपच्या दुकानापेक्षा स्वस्त.

शेवटचं: नोंदी

रोज रात्री बसून यादी करा, दोन दिवसांनी काही आठवत नाही. इबर्ड ह्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या साइटवर तुमचं भारतातलं खातं असेल तर तेच तिथे चालतं. एका जागी बसलात तर स्टेशनरी, गाडीने फिरलात तर ट्रॅव्हलिंग, आणि लेक पॅनिकची यादी वेगळी, रस्त्याची वेगळी, अख्ख्या दिवसाची एकच भलीमोठी यादी करू नका, तिचा कोणाला उपयोग होत नाही.

ग्राउंड हॉर्नबिल दिसले तर किती होते, कुठे, किती वाजता हे लिहून ठेवा आणि कँपच्या रिसेप्शनला सांगा, तिकडे त्यांच्या नोंदी गोळा करतात. गिधाडाच्या पंखावर नंबराचा टॅग दिसला तर नंबर वाचता येईल असा फोटो काढा, टॅगचा रंग, जागा आणि वेळ लिहा आणि तोही तिथेच द्या.